कंपनीचे सुवर्णनगर

बेंगळूर आणि कोलार ही नावे मराठी माणसाला शहाजीराजांच्या जहागिरीमुळे परिचित आहेत. त्याच कोलार प्रांतात, बेंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, सोन्यासाठी एक अवघे नगर वसले. ते राजाने वसविले नाही, की व्यापारी पेठेतून वाढले नाही. ते कंपनीने उभारले.

येथील गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात, हे जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली पाहिले. १८७५ मध्ये बेंगळुरात स्थायिक झालेला निवृत्त सैनिक मायकेल लॅव्हेल याने म्हैसूर दरबाराकडून खाणीचा परवाना मिळविला. परंतु या उद्योगाला खरा आकार आला तो १८८० नंतर, लंडनची जॉन टेलर आणि पुत्र ही पेढी आल्यावर. १९०२ साली शिवनसमुद्राची वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून येथे पोहोचली. बेंगळुरास ती तीन वर्षांनी मिळाली. बेतमंगलच्या तलावाचे पाणी आले. रुग्णालय, क्लब, बंगले उभे राहिले.

हे वैभव सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. अधिकारी बंगल्यांत राहत. बहुसंख्य तमिळ कामगार तट्ट्यांच्या खोपट्यांत. जेथे खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर जाई, अशा तीन किलोमीटर खोलीपर्यंत ते उतरत. १९३० साली बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी संप केला. आपण चोर नव्हे, हे त्यांना सांगावयाचे होते.

१९५६ साली खाणी म्हैसूर सरकारकडे आल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मालक बदलला, तरी घर, दिवा आणि पाणी नोकरीलाच बांधलेले राहिले. खडकातील सोने विरळ होत गेले, खर्च वाढत गेला आणि २००१ साली काम थांबले. पंप बंद पडताच विवरांत पाणी भरले. सुमारे एकशेवीस वर्षांत आठशे टनांहून अधिक सोने देणाऱ्या भूमीवर सायनाइडयुक्त मातीचे ढिगारे उरले.

माणसे मात्र तेथेच राहिली. त्यांतील हजारो जण पहाटेच्या गाडीने रोजगारासाठी बेंगळुरास जाऊ लागले. ज्या घरांत त्यांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या, त्या घरांवर मालकीचा हक्क मिळावा, यासाठी त्यांना झगडावे लागले. कंपनीने नगराला पाणी दिले, प्रकाश दिला. नागरिकत्व तेवढे दिले नाही.