काचघरातल्या वेलीची कुळकथा

थंडीमुळे इंग्लंडात द्राक्ष येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. वेल थंडीला घाबरत नाही. पानं गाळून ती हिवाळाभर झोपते आणि ती झोप तिला लागतेच. खरी अडचण तिथल्या उन्हाळ्याची. तो इतका तोकडा की घडात साखर उतरायच्या आत पुन्हा गारठा दाराशी येतो. त्यावर तिथल्या जुन्या माळ्यांनी काढलेली तोड मला फार आवडते: मूळ बाहेर, माथा आत. वेल काचघराच्या भिंतीबाहेर लावायची, भिंतीला भोक ठेवायचं आणि कोवळं खोड त्यातून आत ओढून घ्यायचं. मुळांना पाऊस आणि पसरायला जमीन, काड्यांना काचेखालची ऊब.

लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात अशी वेल आजही फळते आहे. लॅन्सेलॉट ब्राउन या नामवंत उद्यानरचनाकाराने १७६८ साली एसेक्समधल्या व्हॅलेंटाइन्स इथून काडी आणून ती लावली. जात ‘ब्लॅक हॅम्बर्ग’, काळ्या द्राक्षाची. बुंध्याचा घेर ४ मीटर, आणि एकट्या वेलीचा माल वर्षाला सरासरी २७० किलोच्या आसपास. काचघराबाहेर जमिनीचा मोठा तुकडा नुसता उघडा ठेवलेला दिसतो. तिथे गवतसुद्धा लावत नाहीत, कारण खाली तिची मुळं आहेत.

घरच्या काचघरात वेल यायला मात्र वेळ लागला. १७४६ पासून काचेवर कर होता आणि तो वजनावर घेतला जाई. १८४५ मध्ये तो उठला, काच स्वस्त झाली. क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल उभारणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने पुढे सामान्य घरांसाठी सुटी करून हलवता येतील अशी काचघरंही विकायला काढली. सुखवस्तू घरांतले माळी द्राक्षाला जिवापाड जपत. विरळणीला बसले की बारीक कात्रीने एकेक मणी टिपायचा, पण घडाला बोट लागू द्यायचं नाही; मण्यांवरची पांढुरकी साय पुसली तर घड वाया गेला असं समजायचे. काढणीनंतर काही घड काडीसकट कापत, काडीचं टोक कोळसा घातलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडवत आणि थंड, अंधाऱ्या खोलीत मांडून ठेवत. ती द्राक्षं महिनोन्‌महिने टिकत.

काचघराच्या याच उबेत रोगही पोसले गेले. कर उठला त्याच १८४५ मध्ये केंटमधल्या मार्गेटला एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या वेलीवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली. ती अमेरिकेतून आलेली होती. १८४७ मध्ये शास्त्रज्ञ बर्कली यांनी तिच्या नावात टकरचं नाव गुंफलं. त्याच वर्षी ती पॅरिसजवळच्या काचघरांत पोचली आणि १८५४ पर्यंत तिने फ्रान्सच्या वाईनचं कंबरडं मोडलं. १८६३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या काचघरात आणखी एक पाहुणा सापडला: मुळांतला रस शोषणारी फायलोक्सेरा ही कीड. तिच्यामुळे युरोपच्या बागा अमेरिकी खुंटावर कलम कराव्या लागल्या. आपल्याकडे डॉगरिजसारखा अमेरिकी खुंट वापरतात तो वेगळ्या कारणाने, पाण्याच्या ताणात आणि खारवट जमिनीत तग धरावा म्हणून.

पण टकर रोग दाखवून थांबला नव्हता. पीचच्या झाडांवरच्या अशाच पांढऱ्या रोगाला माळी गंधक वापरत. त्याने गंधक आणि चुना पाण्यात कालवून वेलीवर मारला, आणि वेल सावरली. वेलीच्या त्या रोगाला नाशिक-सांगलीचा बागायतदार भुरी म्हणतो. भुरीवर आजही बागेत गंधक मारलं जातं.