शाळेच्या गाडीचा पडदा

मुलींच्या तालीमीचा इतिहास लिहिताना शाळा कोणी काढली, कधी काढली, एवढे आपण सांगतो. मुलगी घरातून शाळेपर्यंत पोहोचली कशी, हे कोणी विचारत नाही. रुकय्या सखावत हुसेन (बंगाली लोक रोकेया म्हणतात) यांना मात्र शाळेइतकीच या रस्त्याचीही काळजी वाहावी लागली.

जन्म १८८०चा, रंगपूरजवळच्या पायराबंद गावी, जमीनदार घराण्यात. मुलींना बंगाली-इंग्रजी शिकवणे त्या घराला मंजूर नव्हते. घर निजल्यावर थोरल्या भावाने, इब्राहिम साबेर यांनी, बहिणीला चोरून शिकवले. पुढे पती सय्यद सखावत हुसेन यांनी तिला लिहिते केले. ते भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये वेगळे ठेवले. १९०९ साली ते वारले आणि त्याच वर्षी पाच मुलींची शाळा सुरू झाली. घरातल्या तंट्यामुळे रुकय्यांना भागलपूर सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याच्या वलीउल्लाह लेनमध्ये आठ मुलींवर शाळा पुन्हा उभी राहिली.

मुली मिळवायला त्या स्वतः बुरखा घालून घरोघर फिरत. पुरुष पडद्यात आणि राज्य बायकांचे, अशी ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट याच बाईंनी १९०५ साली लिहिली होती! पण गोष्ट लिहिणे वेगळे आणि लोकांच्या लेकी मागून आणणे वेगळे.

पडदा सांभाळू असा शब्द दिल्यावरच आईबाप मुली धाडत. म्हणून शाळेची गाडी चहूबाजूंनी बंद करून घेतली. आत वारा नाही, उजेड नाही. मुलींना उलट्या होऊ लागल्या, काही बेशुद्ध पडल्या. आईबापांची तक्रार आली. मग झडपा उघडून पडदे लावले. आता वाऱ्याने पडदे उडू लागले, तशी ‘इस्लामी बंधूं’ची धमकीची पत्रे आली: बेपर्दगी थांबवा, नाहीतर उर्दू वर्तमानपत्रांतून बदनामी करू. मुलगी गुदमरली तरी बोल शाळेला आणि तिला हवा मिळाली तरी बोल शाळेलाच. १९३१च्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात रुकय्यांनी ही हकिकत लिहिली आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकींना गाव आणि साल बदलून ती ओळखीची वाटेल.

शाळा बंद पडली नाही. सखावत मेमोरियल आजही कलकत्त्यात भरते. ९ डिसेंबर १९३२च्या पहाटे रुकय्या वारल्या, तेव्हा टेबलावर एक अपुरा लेख होता. त्याचे नाव ‘नारीर अधिकार’, म्हणजे स्त्रीचे हक्क.