काचेच्या शेगडीची कुळकथा

१९५३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी, काचेच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी या रसायनशास्त्रज्ञाने काचेचा एक तुकडा भट्टीत ठेवला. तापमान हवं होतं ६०० अंश सेल्सिअस. नियंत्रक बिघडला आणि भट्टी ९०० अंशांवर गेली. काच वितळून भट्टी खराब झाली असणार, असं धरून त्याने दार उघडलं, तर आत पांढरी अपारदर्शक पाटी जशीच्या तशी! काढताना ती चिमट्यातून निसटली, फरशीवर आदळून खणखणली, पण फुटली नाही.

जादा उष्णतेने त्या काचेत सर्वत्र सूक्ष्म स्फटिक उगवले होते. फ्रान्सच्या रेओम्यूरने अठराव्या शतकात काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्समात पुरून तापवल्या होत्या. त्यांतही स्फटिक उगवले, पण ते पृष्ठभागाकडून आत वाढत आणि माल कमकुवत निघे. स्टूकीने नंतर टायटॅनियम ऑक्साइडसारखी स्फटिकबीजं काचेतच पेरण्याची रीत बसवली. ‘पायरोसेरॅम’ नावाच्या या स्फटिकी काचेपासून क्षेपणास्त्रांची टोकं झाली आणि १९५८ पासून घरोघरची भांडीही. साठच्या दशकात कॉर्निंगने पांढरी सपाट शेगडीही काढली.

आजच्या काळ्या शेगडीचं घराणं जर्मनीतल्या माइन्त्स शहरातलं. तिथल्या शॉट कंपनीने दुर्बिणींच्या आरशांसाठी ‘झेरोडूर’ ही स्फटिकी काच तयार केली आणि १९७१ साली तिचंच भावंड, ‘सेरान’, स्वयंपाकघरात आणलं. लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांच्या या काचेतले स्फटिक तापल्यावर आक्रसतात, तर भोवतालची काच प्रसरण पावते. दोन्ही बदल एकमेकांना जवळजवळ पुरते खोडून काढतात, म्हणून तापलेल्या पृष्ठभागावर गार पाणी सांडलं तरी तो तडकत नाही. काचेखालच्या विजेच्या तारेची उष्णता बरीचशी किरणरूपाने थेट वर जाते; आडवी मात्र फारशी पसरत नाही.

शेगडी वापरण्याचे नियम याच जडणघडणीतून निघतात. उष्णता सरळ वर जाते, म्हणून भांड्याचं बूड सपाट हवं. परदेशातल्या मराठी घरात गोल बुडाची कढई या शेगडीवर चालत नाही, ते त्यामुळेच. बिडाच्या तव्याचं खरबरीत बूड काचेवर ओढू नये, उचलून ठेवावं. बुडाखाली वाळूचा कण राहिला तरी ओरखडा उमटतो. घासायला तारेची घासणी नको. मऊ फडकं घ्यावं, पांढरे डाग व्हिनेगरने पुसावेत.

सर्वांत जपायचं ते गुळाच्या किंवा साखरेच्या पाकापासून. उतू गेलेला पाक गार होताना आक्रसतो, खालची काच मात्र आक्रसत नाही. चिकटून बसलेला पाक मग काचेचा पापुद्रा ओढून काढतो. उष्णतेला न बधणं हा या काचेचा मोठा गुण, पण पाकापुढे तोच गुण तिला नडतो. म्हणून आच बंद करून, हात भाजू न देता, पाक गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढावा. बाकीची सफाई पृष्ठभाग पूर्ण निवल्यावर.

तापमानाचे धक्के सोसणारी ही काच जड भांडं टोकावर पडलं तर मात्र तडकू शकते. एकदा तडा गेला की मुख्य बटण बंद करावं आणि काच बदलेपर्यंत शेगडी लावूच नये; फटीतून पाणी थेट विजेपर्यंत पोचतं.