जव्हार घाटातला डबल क्लच

जव्हारला रेल्वे कधीच आली नाही. पूर्वेला कसारा-इगतपुरी, पश्चिमेला पालघर-डहाणू, आणि मधल्या डोंगरात मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान. शेजारचा मोखाडा तर संस्थानातही नव्हता. ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात तो शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग होता. या दोन तालुक्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला तो आधी पायवाटेने, मग बैलगाडीने आणि शेवटी मोटारीने. मोटार आली की घाट आला, आणि घाट आला की गिअर आला. मी जव्हार आगारातून एसटीचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे या मुलखाचा इतिहास मला गिअरच्या दांड्यापासूनच सांगता येतो.

मनोरहून निघालेली गाडी विक्रमगड सोडेपर्यंत फारशी दमत नाही. त्यानंतर खरा चढ सुरू होतो. जव्हार साडेचारशे मीटरांच्या आसपास आहे. तिथून मोखाडा, पुढे तोरंगणचा घाट, आणि त्र्यंबकेश्वर सातशे मीटरांच्या वर. हाच रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 160 अ म्हणून नकाशात आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा समोरून गाडी आली की एकाने कडेच्या मातीत उतरायचं, एवढीच त्याची रुंदी होती.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेही 1948 सालीच. त्या वेळी एसटीकडे शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शिअल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. आज बेडफर्ड, उद्या अल्बियन. प्रत्येकीचा क्लच वेगळा, दांड्याची चाल वेगळी, इंजिनाचा दम वेगळा. पुणे-महाबळेश्वर मार्गावर पन्नाशीच्या दशकात एसटी महामंडळाने दोन आरामगाड्या सोडल्या, नीलकमल आणि गिर्यारोहिणी. पडदे, घड्याळ, हिरवट काचा असा त्यांचा थाट होता. आमच्या डोंगरात तसा थाट आला नाही, पण आमच्या लाकडी बाकांच्या गाड्यांनीही घाटच चढायचा होता.

गिअरबॉक्सची मूळ कल्पना फ्रान्समधली. 1890 च्या दशकात पानार आणि लवासॉर यांच्या मोटारीत दातेरी चाकं दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवायची पद्धत आली. इंजिनाच्या बाजूचं चाक एका वेगाने फिरतंय, रस्त्याच्या बाजूचं दुसऱ्या वेगाने, आणि ड्रायव्हरने दोघांचे दाते जुळवायचे. वेग जुळला नाही की बॉक्स करकरतो, दाते झिजतात. हिशोब साधा आहे. समजा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतंय. गाडीच्या त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला 2400 घ्यावे लागतील. मधले 900 फेरे कोणी वाढवायचे? ड्रायव्हरच्या उजव्या पायाने.

यालाच आम्ही डबल क्लच म्हणतो. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, इंजिनाचा आवाज हवा तेवढा चढला की पुन्हा क्लच दाबून दांडा दुसऱ्यात ढकलायचा. वरचा गिअर टाकताना उलटं. तिथे रेस द्यायची नाही. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून फेरे उतरू द्यायचे. सपाटीवर हे कोणीही आठवड्यात शिकतो. भरलेली गाडी चढावर असते तेव्हा मात्र न्यूट्रलमध्ये असतानाच तिचा वेग मरत असतो. म्हणजे आत्ता वेग किती आहे ते पुरत नाही, दांडा आत जाईल त्या क्षणी किती उरलेला असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. तो चुकला तर गाडी चढावर उभी राहायची आणि कंडक्टर मागच्या चाकाला दगड लावायला धावायचा. म्हणून जुने वस्ताद सांगत, वळण दिसायच्या आधी गिअर उतरव, वळणात नको. वेगाच्या काट्याकडे बघू नको, इंजिनाकडे कान दे. त्यांच्यातल्या अनेकांच्या गाड्यांचे काटे बंदच असत, हेही खरं.

प्रवाशाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त हिसका बसतो किंवा बसत नाही. दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं गाडीत चढायची. भांडी, कोंबड्या, तान्ही मुलं, उभं राहायलाही जागा नाही. मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, असला की परतीच्या गाडीत रात्रभर जागलेली माणसं उभ्या उभ्या पेंगत असायची. आणि जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाकडे निघालेली, दिवस भरलेली बाई पुढच्या बाकावर असली की माझा डावा पाय आपोआप हळू सुटायचा. गिअर अलगद पडणं ही ऐट नव्हती. त्या बाईच्या पोटात कळ येऊ नये यासाठी ते होतं. आमच्या धंद्यातल्या सफाईचं मोल मी आजही त्यावरूनच करतो.

पुढे सिंक्रो आला. दाते अडकण्याआधी पितळी कडं घासून दोन्ही बाजूंचे वेग जुळवायची ही युक्ती 1928 मध्ये कॅडिलॅकने मोटारीत आणली. आमच्यापर्यंत ती हप्त्याहप्त्याने पोहोचली. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. खोडाळ्याच्या चढावर जुनी जीप पहिल्यात टाकायची तर एकतर थांबा, नाहीतर डबल क्लच करा. एसटीच्या गाड्यांनाही सिंक्रो आला, पण ती पितळी कडी झिजली की पुन्हा आमचा जुना पायच कामाला यायचा.

गेल्या काही पावसाळ्यांत मुंबई-नाशिकहून स्पोर्ट्स कार घेऊन पोरं दाभोसा धबधब्याकडे येतात. बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. एकाची मात्र हाताच्या गिअरची होती. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, काका, वळणाआधी गिअर उतरवला की मागची चाकं हिसका देतात. मी त्याला क्लच सोडण्याआधी रेस द्यायला सांगितलं. ब्रेकवर असलेल्या पायाच्या टाचेने रेस द्यायची रीत त्याने व्हिडिओत पाहिली होती. रेसिंगवाले तेच करतात, कारण वळणाआधी ब्रेक आणि गिअर दोन्ही एकाच वेळी लागतात. त्याच्या गाडीत दात्यांचे वेग कडं जुळवून देतं, आमच्या गाडीत तेही आम्हालाच जुळवावे लागायचे, एवढाच फरक. इंजिनाचे फेरे चाकांच्या वेगाशी जुळल्यावर क्लच सोडला तर कोणतीही गाडी धक्का देत नाही, मग ती दोन सीटची असो की पन्नास सीटची. दोन-चार वळणांत त्याला जमलं आणि मला मनापासून आनंद झाला.

दुसरी एक सवय मात्र मला छळते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणं. एसटीत लिटरमागे किलोमीटरचा हिशोब ठेवतात, त्या हिशोबापायी काहीजण हे करत, आणि जीपवाले तर सर्रास. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पकड सोडतात. वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही, कारण तेवढे फेरे इंजिनाला जुळवताच येत नाहीत. तोरंगणच्या उतारावर हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर याच मार्गावर शिवाई ही विजेवरची एसटी सुटली. तिला गिअरचा दांडा नाही, क्लचही नाही. ती आमच्या घाटात यावी असं मला मनापासून वाटतं. प्रवाशाला हिसका न बसणं हेच तर आम्हाला हवं होतं. पण जव्हार-मोखाड्यात हाताच्या गिअरच्या गाड्या अजून बरीच वर्षं चालणार आहेत. तेव्हा इकडे याल तर घाट चढायला जो गिअर लागला तोच उतरायला ठेवा, न्यूट्रलला हात लावू नका. आणि अरुंद जागी समोरून चढणारी एसटी दिसली तर तिला आधी वाट द्या. कायदाही चढणाऱ्या गाडीला हा मान देतो, आणि एकदा चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उठवणं सोपं नसतं.