ग्वाल्हेरचं सरोद आणि डाव्या हाताची दोन नखं



ग्वाल्हेरच्या मराठी घरांची कहाणी कुणी सांगायला बसलं की गाडी गाण्यावरच येऊन थांबते. हद्दू खाँ-हस्सू खाँ, वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडची विद्या महाराष्ट्रात नेणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, मग शंकरराव पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले. कृष्णरावांनी १९१४ साली काढलेलं विद्यालय, आणि १९१८ साली भातखंडे व माधवराव महाराज यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं माधव संगीत महाविद्यालय. यातलं काहीच खोटं नाही. आमच्याही घरी ही नावं जेवणाच्या पानावर निघायची. पण त्याच लष्कर-ग्वाल्हेरात आणखी एक सूर घडत होता आणि तो आपल्या यादीत कधी येत नाही. तो सूर सरोदचा. आज जिवाजीगंजात 'सरोद घर' नावाचं संग्रहालय आहे ना, ते त्या घराण्याचं राहतं घर. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. तरी मराठी आळीत विचारा, दहातले आठ जण म्हणतील, "हो, ते अमजद अलींचं," आणि पुढे काही नाही.

म्हणून आज गाण्याबद्दल नाही, डाव्या हाताबद्दल लिहिते. सरोद म्हटलं की लोक उजव्या हाताकडे बघतात, कारण तो हलताना दिसतो. सूर मात्र डावीकडे होतो.

सरोदचा पूर्वज अफगाणी रबाब. त्याला आतड्याची तात, लाकडी दांडी आणि वर दोऱ्याचे चार पडदे. छेडलं की 'टण्' करून आवाज येतो आणि लगेच विरतो. लढाईच्या गाण्याला, नाचाला ते पुरेसं. आपल्या रागाला नाही पुरत. आपल्याला एका सुरातून दुसऱ्या सुरात न तुटता जायचं असतं. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी तात काढून धातूच्या तारा चढवल्या, पडदे काढून टाकले आणि लाकडावर गुळगुळीत धातूची पट्टी बसवली. ग्वाल्हेरकर म्हणतात, हे शिंदे दरबारातल्या गुलाम अली खाँ बंगश यांनी केलं. शहाजहानपूर आणि लखनौकडची सरोदियांची घराणीही हाच मान आपल्याकडे घेतात. त्या वादात मी पडत नाही. पण एवढं नक्की की पट्टी धातूची झाली आणि डाव्या हाताचं सगळं कामच बदललं.

ते कसं, तर सतारीला पडदा असतो. बोट मागे दाबलं की तार पडद्यावर टेकते आणि सुराची जागा पडदा ठरवतो. सरोदला पडदा नाही, म्हणजे तार जिथे अडवाल तिथे सूर. बोटाच्या मांसाने अडवली तर मऊ मांस तारेचं कंपन पिऊन टाकतं आणि सूर उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. नखाने अडवली तर एका बाजूला कठीण नख, खाली कठीण पट्टी, मध्ये पोलादी तार. मग सूर उघडा लागतो आणि टिकतो. तार न सोडता नख पट्टीवरून सरकवलं की मींड निघते. सतारीसारखी तार आडवी ओढायची नाही, तिच्या अंगावरूनच घसरत जायचं. सरोदचा जो एक खोल, थोडा पुरुषी आवाज आपण ओळखतो, त्याचं अर्धं श्रेय नखाच्या कडेला आहे. (उरलेलं अर्धं बकऱ्याच्या कातड्याला. ते पुढे येतंच.)

गुलाम अलींचे चिरंजीव नन्हे खाँ, त्यांचे चिरंजीव हाफिज अली खाँ. जन्म १८८८. घरची विद्या होतीच, शिवाय रामपूरच्या वजीर खाँसाहेबांकडे शिकले. त्याच वजीर खाँकडे मैहरचे अल्लाउद्दीन खाँही शिकले. एका गुरूचे हे दोन शागीर्द, दोघांच्या सरोदचा आवाज जमीन-अस्मानाइतका वेगळा आणि दोघेही १९७२ सालीच गेले. मैहरकडे अल्लाउद्दीन आणि त्यांचे भाऊ आयत अली यांनी वाद्याचा आकार बदलला, तारा वाढवल्या. तिकडे तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं चालतात, आणि नखाबरोबर बोटाचं टोकही कामाला येतं. हाफिज अलींचे धाकटे चिरंजीव अमजद अली, जन्म १९४५, ग्वाल्हेरचाच. ते मुख्यतः दोनच बोटं वापरतात आणि भर नखावर. पण घराण्यांच्या या भिंती बोटांपुरत्या फार पक्क्या नाहीत. राधिकामोहन मैत्र यांची तालीम मैहरची नव्हे, तरी ते तीन बोटांनीच वाजवत, आणि घसीटीला नख मात्र मैहरकरांपेक्षा जास्त.

मी शिकले १९६४ पासून. तोपर्यंत हाफिज अली दिल्लीला गेले होते. आमचे मास्तर मराठी, दिवसा सरकारी कचेरीत कारकून. खाँसाहेबांना त्यांनी तरुणपणी समोर बसून ऐकलं होतं, आणि बाकीचं कान लावून, चोरून, मागून मिळवलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी जवा काढून घेतली. जवा म्हणजे करवंटीचा तो तिकोनी तुकडा, ज्याने उजव्या हाताने तार छेडायची. म्हणाले, "ताई, ही माझ्याकडे राहू दे. आधी डावा हात बोलता करून राहू आपण."

महिनाभर उजवा हात मांडीवर. डाव्या नखाने तारेवर नेमकं उतरायचं आणि तेवढ्या आघातानेच सूर उमटवायचा. याला आपल्याकडे स्पर्श म्हणतात. नख उचलताना तारेला हलकंसं ओढून खालचा सूर काढायचा, ते कृंतन. दोन्ही एकामागून एक, झरझर, म्हणजे जमजमा. खोलीच्या दाराबाहेर ऐकू जाणार नाही इतका बारीक आवाज. बाबा विचारायचे, "वाजवून राहिली की नुसती खाजवून राहिली?" पण त्या महिन्यात मला कळलं की नख जोरात आपटून आवाज मोठा होत नाही, खडखडाट मोठा होतो. नख थोड्या उंचीवरून, सरळ, पूर्ण आत्मविश्वासाने उतरलं आणि उतरल्यावर तिथेच थांबलं, तर सूर भरतो. थांबणं महत्त्वाचं. घाईने नख ढिलं पडलं की सूर मरतो.

मग जवा परत मिळाली आणि नवी अडचण सुरू झाली. डावा हात उशिरा पोचतो. जवा तारेवर पडते तेव्हा नख अजून वाटेत असतं, आणि एका सुराऐवजी दोन चिरटे आवाज निघतात. मास्तरांचा उपाय एकच. पलटा इतका सावकाश की कंटाळा यावा, आणि प्रत्येक सुराला नख आधी, केसभर आधी, मग 'दा'. सरोद शिकणाऱ्या कुणाचाही आवाज फाटका येत असेल तर मी आजही वाद्याला दोष देण्याआधी हे तपासते.

नखाची निगा हा वेगळाच संसार. नख फार वाढलं तर तारेवर कलतं, कमी असलं तर मांस टेकतं. पोलादी तार रोज त्याच जागी घासून नखाला खाच पाडते आणि मींड घेताना तार त्या खाचेत अडकते. कापायचं नाही, बारीक पॉलिश पेपरने घासायचं. पट्टीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की नख घसरतं. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं, घोडी खाली बसते आणि सगळं वाद्य सर्दी झाल्यासारखं बोलतं. मास्तर वाद्याजवळ बल्ब लावून ठेवायचे.

आता घरचं सांगते, कारण सरोद आपल्या यादीत का आलं नाही याचं एक उत्तर मला आमच्याच घरात दिसतं. गाणं गळ्यात असतं. पोळ्या लाटतानाही गुणगुणता येतं. सरोदला कातडं, आणि मुलीच्या हाताला नखं. आजीने वाद्य देवघराच्या खोलीत येऊ दिलं नाही. बाबा म्हणाले, "आई, कीर्तनातल्या मृदंगावर काय केळीचं पान लावतात का?" आजी म्हणाली, "मृदंग पुरुष वाजवतात." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शरन रानींचं नाव तेव्हा रेडिओवर येत होतं. दिल्लीच्या बाई, अल्लाउद्दीन खाँ आणि अली अकबर खाँ यांच्या शिष्या. बाबांनी त्यांचा कार्यक्रम लागला की रेडिओचा आवाज मुद्दाम वाढवायचा हा परिपाठच ठेवला.

१९७४ साली लग्न होऊन मी इंदूरला आले. अकरा माणसांचं घर. राखेने भांडी, कणीक, खोबरं, धुणं. पहिल्या पंधरवड्यात तर्जनीचं नख मुळापर्यंत चिरलं आणि दीड महिना सरोद गवसणीत गेलं. त्या दीड महिन्यात माझं सरोद कायमचंच थांबलं असतं. तशी कितीतरी थांबली असतील. आपल्याकडे कितीजणींची सतार, दिलरुबा माळ्यावर गेली ते मोजायला कुणी बसलेलं नाही. सासूबाईंना संगीताचं काही कळत नव्हतं. त्यांनी एक दिवस माझं बोट बघितलं, आणि जुन्या धोतराच्या कापडाची दोन टोपणं शिवून दिली, डाव्या हाताच्या दोन बोटांसाठी. "कणीक मी मळते. भांडी तू उजव्या हाताने घास, डाव्याने नुसती धर. पण पोळ्या तुलाच लाटायच्या हं." कणीक त्या मळत राहिल्या, बावीस वर्षं. ग्वाल्हेरच्या सरोदचा इतिहास लिहिताना दरबार येतो, खाँसाहेब येतात, ही कणीकही त्यात धरायला हवी असं मला वाटतं.

गेल्या दिवाळीला भाच्याचा मुलगा बंगळूरहून आला. त्याच्याजवळ एक विचित्र वाद्य. लांब पट्टी, दहा तारा, पोकळ तुंबा नाही, पट्ट्याने अंगावर उभं अडकवायचं. त्याचं नाव चॅपमन स्टिक. एमेट चॅपमन नावाच्या अमेरिकन गिटारवादकाला १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये ही रीत सापडली, आणि १९७४ पासून तो हे वाद्य बनवून विकू लागला. छेडायचं काहीच नाही. दोन्ही हातांची बोटं तारांवर टिपायची, प्रत्येक टिपणीचा एक सूर. एक हात खालचे सूर धरतो, दुसरा चाल वाजवतो. दोन्ही हातांनी पियानोसारखं. गिटारवर अशी रीत त्याच्याही आधी जिमी वेबस्टर यांनी मांडली होती, १९५२ साली पुस्तक लिहून.

पोरगा म्हणाला, "आजी, सूर बारीक येतो, आणि मध्येच खडखडतो." मी ऐकलं. तो बोटं आपटत होता आणि पडद्यापासून दूर, दोन पडद्यांच्या मध्ये उतरत होता. म्हटलं, "पडद्याच्या अगदी मागे उतर, सरळ उतर, आणि सूर हवा तेवढा वेळ बोट उचलू नकोस. जोर कमी कर." उचलतानाही त्याचं बोट तार बाजूला ओढायचं आणि नको असलेला कृंतनाचा सूर निघायचा. तो सरळ वर उचलायला लावला. मग मास्तरांचाच धडा दिला. एक हात मांडीवर, दुसऱ्याने एकच पलटा, सावकाश. चार दिवसांनी आवाज भरला. नख आणि पडदा यांत फरक आहेच. तिथे पडदा तार अडवतो म्हणून मांस चालतं, इथे चालत नाही. आणि सरोदला स्पर्श हा अलंकार, त्या वाद्याचं सगळं पोट त्यावरच. पण बोट उतरणं, थांबणं, उचलणं हे तिघे दोन्हीकडे तेच. मास्तर असते तर त्यांनी आधी ते वाद्य उलटं करून कातडं शोधलं असतं.

आता माझी नखं वयाने पातळ झाली आहेत. आजची वादक मंडळी नखावर चिकट द्रवाचा थर चढवतात, मीही चढवते. आवाजात थोडा फरक पडतो, पण घरातल्या घरात चालतो.

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, उज्जैनकडच्या घरांना एक विनंती. माळ्यावर जुनं सरोद, जवांची डबी, शिक्षकांची हाताने लिहिलेली पलट्यांची वही असेल, आणि ते वाजवणारी आजी, आत्या किंवा काकू असेल, तर खाली लिहा. वही असेल तर आधी तिचा फोटो काढून ठेवा, कसर लागायच्या आत.