लंडनमध्ये तिकिटाविना सहकुटुंब सहल
'टॉवर ऑफ लंडन' किंवा 'लंडन आय'ची चौघांची तिकिटे काढायची, तर रुपयांतील हिशेब धडकी भरवतो. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना मात्र प्रवेशशुल्क नाही. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये खुले झाले, तेच विनामूल्य. अन्य अनेक राष्ट्रीय संग्रहालयांतील शुल्क डिसेंबर २००१ मध्ये रद्द झाले. खास प्रदर्शनांना तिकीट पडते, हे ध्यानात ठेवावे.

लहान मुले बरोबर असल्यास साउथ केन्सिंग्टन गाठावे. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा सुमारे २५ मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगलेला आहे. डायनोसॉरच्या दालनातून मुलांना बाहेर काढणे हेच काय ते कठीण! सायन्स म्युझियम शेजारीच असले, तरी एका दिवसात दोन्ही उरकण्याचा अट्टहास नको. जेवणाचा डबा हाइड पार्कमध्ये उघडता येतो. वेळेची नोंदणी संकेतस्थळावर आधीच करावी. अकरा वर्षांखालील मुलांना बसप्रवास मोफत आहे.

मराठी पर्यटकांनी १०, किंग हेन्रीज रोड हे घरही पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९२१-२२ मध्ये तेथे वास्तव्य होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते खरेदी केले. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत जाण्याजोगे आहे.