स्पर्शकोन

स्पर्शकोन म्हणजे घन पृष्ठभागावर टेकलेल्या थेंबाच्या कडेशी, द्रवाच्या आतील बाजूने मोजला जाणारा कोन होय. घन, द्रव व हवा जेथे एकत्र येतात, तेथे द्रवाच्या पृष्ठभागाला काढलेली स्पर्शिका आणि घन पृष्ठभाग यांच्यामध्ये तो असतो. एखादा द्रव एखादा पृष्ठभाग कितपत भिजवतो, हे या कोनावरून कळते. कोन ९०° पेक्षा कमी असेल तर द्रव पसरतो. अधिक असेल तर थेंब गोळा होऊन राहतो. पाण्याचा स्पर्शकोन स्वच्छ काचेवर जवळजवळ शून्य, तर मेणावर सुमारे १०५° ते ११०° असतो. काचेवरील पाऱ्याचा कोन सुमारे १४०° भरतो. अळूच्या व कमळाच्या पानांवर पाण्याचा कोन १६०° च्या आसपास जातो. क्षणभंगुर गोष्टीला मराठीत ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात, त्यामागील भौतिकी हेच.

उपपत्ती

द्रवाचे रेणू परस्परांना ओढतात आणि घनाचे रेणूही त्यांना ओढतात. या दोन ओढींच्या समतोलातून कोन ठरतो. हा संबंध इंग्लिश शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. त्यानुसार घन-हवा पृष्ठताणातून घन-द्रव पृष्ठताण वजा केल्यास येणारी राशी ही द्रवाचा पृष्ठताण व स्पर्शकोनाचा कोसाइन यांच्या गुणाकाराइतकी असते. यंग यांचे समीकरण पूर्णतः गुळगुळीत व एकजिनसी पृष्ठभागाला लागू पडते, आणि असा पृष्ठभाग व्यवहारात क्वचितच आढळतो. खडबडीतपणाचा परिणाम वेन्झेल यांनी १९३६ मध्ये, तर खाचांत हवा अडकून राहण्याचा परिणाम कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये समीकरणात आणला. अळूच्या पानावरील सूक्ष्म उंचवटे व मेणाचे कण यांमध्ये अशीच हवा अडकते. त्यामुळे थेंब पानाला जेमतेम टेकतो.

मापन

प्रयोगशाळेत कोनमापी (गोनिओमीटर) वापरतात. बारीक सुईतून काही मायक्रोलिटरचा थेंब सोडून, मागून प्रकाश देऊन, बाजूने त्याचे छायाचित्र घेतले जाते. थेंब लहान ठेवण्यास कारण आहे : मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो.

शाळेत या उपकरणावाचून अडत नाही. मोबाइलने थेंबाच्या पातळीवरून छायाचित्र घ्यावे आणि थेंबाची उंची (उ) व तळाची रुंदी (रु) मोजावी. थेंब गोलखंड मानल्यास अर्ध्या स्पर्शकोनाचा टॅन्जंट = २उ ÷ रु. रुंदी ४ मिमी व उंची १ मिमी असेल तर हे गुणोत्तर ०.५ येते आणि कोन सुमारे ५३° ठरतो. काचेला लागलेला बोटांचा तेलकटपणा उत्तर पार बदलून टाकतो, म्हणून काच आधी नीट धुवावी आणि एका थेंबावर विसंबू नये.

एकाच पृष्ठभागावर एकच कोन मिळेल असेही नाही. थेंबात पाणी भरताना कड पुढे सरकते तेव्हाचा कोन मोठा असतो. पाणी काढून घेताना तो लहान असतो. या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. तिरक्या पृष्ठभागावर थेंब अडकून राहतो तो यामुळेच.

शेतीतील महत्त्व

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार परिसरापासून वसमतपर्यंत, हळद हे महत्त्वाचे पीक आहे. हळदीच्या गुळगुळीत पानावरून फवाऱ्याचे थेंब घरंगळले, तर औषध मातीत जाते. करपा पानावर तसाच राहतो आणि खर्च मात्र झालेला असतो. म्हणून फवारणीच्या द्रावणात ‘स्टिकर’ मिसळण्याचा सल्ला दिला जातो. बाजारात या नावाखाली दोन वेगळी कामे एकत्र केली जातात, हे लक्षात घेणे इष्ट. पसरवणारे द्रव्य पृष्ठताण उतरवून स्पर्शकोन कमी करते; चिकटवणारे द्रव्य वाळलेले औषध पावसात धुऊन जाऊ देत नाही. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २०° से. ला सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सिलिकॉनयुक्त पसरवणारी द्रव्ये तो २० ते २२ पर्यंत खाली आणतात. मात्रा वाढवली म्हणून फायदा वाढत नाही. द्रावण फार पसरले की पानावर सलग थर होऊन टोकावरून ओघळतो आणि नुकसान पुन्हा तेच होते.

पान जुने होते तसा त्यावरील मेणाचा थर झिजतो. त्यामुळे एकाच झाडाच्या कोवळ्या व जून पानांवर स्पर्शकोन वेगवेगळा येऊ शकतो.